पाणकणसातला खोटा आवाज

१

सल्लागाराने सहा सकाळी टिपलेल्या आवाजाचे सहा तुकडे एकदम वाजवले आणि एकच आवाज आला. तिथेच आमचं तळं हरलं.

गुरुवारी तळे समितीची बैठक होती. मैसूरच्या होंगेकेरे तळ्याच्या पूर्वेकडच्या बंधाऱ्याला लागून पाणकणसाचा दाट पट्टा आहे. त्यातून फरशीची वाट काढायची, दिवे लावायचे, असा बेत. आमच्या पक्षीगटाने त्यावर एकच हरकत घेतली होती : पाणकणसात ब्लॅक बिटर्न आहे. बगळ्याच्या घराण्यातला हा काळा पक्षी बगळ्यासारखा मिरवत नाही. मान वर करून उभा राहिला की गवताचं पातंच वाटतो. पावसाळ्यात तो तिथेच घरटं करतो, आणि जिथे त्याचं घरटं तिथे सिमेंट ओतता येत नाही.

पक्षी कुणी पाहिला नव्हता. ऐकला होता तो यंत्राने. सहना नावाची संशोधक मुलगी वर्षभर आमच्या तळ्यावर काम करते आहे. तिने चार झाडांना चार यंत्रं बांधलीत. ती दिवसरात्र आवाज टिपतात आणि संगणक त्यातून पक्ष्यांची नावं काढतो. आम्ही त्यांना 'कान' म्हणतो. पूर्वेच्या कानाने वेगवेगळ्या सहा सकाळी बिटर्नचा घुमारा टिपला होता.

आता समितीने बेंगळूरूहून बोलावलेला सल्लागार सांगत होता, की जिवंत पक्षी दोनदा तंतोतंत तसाच बोलत नाही. शिवाय त्या घुमाऱ्यामागे एक किडा किरकिरतो आहे, आणि सहाही सकाळी तो घुमाऱ्याच्या मधोमध दम खायला थांबतो. इतका वक्तशीर किडा मैसूरमध्ये अजून जन्मलेला नाही, असं समितीचे अध्यक्ष म्हणाले, आणि सभा हसली. म्हणजे कुणीतरी यंत्राजवळ जाऊन फोनवरून पक्षी वाजवला होता.

अध्यक्षांनी निकाल सोमवारवर ठेवला. तोवर हा प्रकार कुणी आणि का केला ते कळलं नाही, तर होंगेकेरेच्या सगळ्याच नोंदी बाजूला ठेवल्या जाणार होत्या. आमच्या गटाने इतक्या वर्षांत गोळा केलेल्या, सगळ्या.

यंत्रांच्या पेट्यांची किल्ली फक्त सहनाकडे असते. संध्याकाळच्या आत तिच्या संस्थेने तिला कामावरून दूर केलं.

२

मी गटाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याला सगळे सगळं सांगतात आणि ज्याचं कुणी ऐकत नाही. शुक्रवारी सकाळी मी सरळ सरस्वतीपुरम गाठलं आणि विशालाक्षम्मांचं दार वाजवलं.

बाई प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. माणसं काय लपवतात हे बघण्यात त्यांची उमर गेली. आता पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर त्या मैसूर जिल्ह्याच्या परीक्षक आहेत. कुणी काही अचाट पाहिल्याचं लिहिलं, की नोंद त्यांच्याकडे थांबते आणि त्या एक गोड प्रश्न पाठवतात : शेपटी दुभंगलेली होती का हो? त्या प्रश्नाने जिल्ह्यातले निम्मे गरुड घारी झाले आहेत.

यंत्राच्या बिटर्नची नोंदही त्यांनी अडवून ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, यंत्राला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

कॉफीचे दोन पेले झाले. सहनालाही बोलावून घेतलं. ती रडून आली होती आणि आता तिला राग आला होता, ही चांगली गोष्ट होती. बाईंनी तिच्याकडचं मूळ ध्वनिमुद्रण कानाला लावून घेतलं आणि डोळे मिटले. मग पुन्हा. मग पुन्हा. कॉफी गार झाली तरी त्यांचं ऐकणं चालूच.

शेवटी म्हणाल्या की तळ्यावर चला. आषाढातला शुक्रवार, अर्धं शहर देवीच्या दर्शनाला चामुंडीच्या टेकडीकडे निघालेलं, त्यामुळे होंगेकेरेवर चिटपाखरूही नव्हतं, म्हणजे होती ती फक्त पाखरंच. फाटकावर आमचा जुना फलक आहे : पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये, वाजवणाऱ्यास एक हंगाम तळ्यावर बंदी. आवाज ऐकला की पक्ष्याला वाटतं प्रतिस्पर्धी आला, मग तो अंडी सोडून भांडायला निघतो. बाईंनी फलक असा वाचला, जणू पहिल्यांदाच बघताहेत.

पूर्वेच्या बंधाऱ्यावर त्यांनी माझ्या फोनवर तो तुकडा दोनदा वाजवायला लावला. आधी फोनचं तोंड झाडावरच्या कानाकडे, मग पाणकणसाकडे. किल्ली अजून सहनाकडेच होती, तिने पेटी उघडून दोन्ही ऐकवले. पहिला खणखणीत होता. दुसरा मळकट, आणि सहा सकाळच्या आवाजाशी जुळणारा.

"म्हणजे वाजवणारा कानाकडे पाठ करून उभा होता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सहनाला विचारलं, की या पक्ष्याचे आवाज इंटरनेटवर किती मिळतात. ढीगभर, ती म्हणाली, आणि बरेचसे आरशासारखे स्वच्छ.

"मग एवढे स्वच्छ सोडून हा दात आंबवणारा किडा कुणी निवडला?"



३

आमच्या गटात सगळ्यांचा पहिला संशय शिवनंजप्पांवर. ते फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आणि फरशीच्या वाटेचे जनक. खोटा पक्षी पेरायचा, मग तो खोटा म्हणून उघडा पाडायचा, की पक्षीवाले कायमचे गप्प. डाव सोपा होता. निदान मला तरी तो सोपा वाटला, आणि जाताना मी तो बाईंना दोनदा समजावून सांगितला.

शनिवारी शिवनंजप्पा फाटकाजवळच्या बाकावर चुरमुरीचा द्रोण घेऊन बसले होते. त्यांनी आम्हालाही एकेक द्रोण घ्यायला लावला आणि मगच संशय ऐकून घेतला. रागावले नाहीत. उलट खुशीत आले.

"अम्मा, मला कावळ्यातला आणि कोकिळेतला फरक कळत नाही. फसवायचंच असतं तर मी मोर वाजवला असता. मोर समितीलासुद्धा ओळखू येतो."

वाट कशाला हवी, तेही सांगितलं. गेल्या पावसाळ्यात त्यांची बायको पश्चिमेच्या उतारावर घसरली आणि मनगट मोडून बसली. पूर्वेच्या बंधाऱ्यावर ते स्वतः कधी गेलेच नव्हते. तिथल्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. बाईंनी विचारलं, बायको पश्चिमेला पडली तर वाट पूर्वेला का? शिवनंजप्पांनी चुरमुरीत शेंगदाणा शोधला. नकाशा कंत्राटदाराने काढला होता, असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे विचारात पडल्यासारखे दिसले.

दुसरा संशयित दीपक अरस. लग्नाचे फोटो काढतो, मोकळ्या सकाळी पक्ष्यांचे. त्याची लेन्स तोफेएवढी आहे, आणि बॅगेत एक छोटा स्पीकर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. फलक खरं म्हणजे त्याच्यासारख्यांसाठीच लागला. आषाढात लग्नं नसतात, म्हणून त्याला एका बारशात गाठलं तेव्हा तो बाळाच्या मामांना रांगेत उभं करत होता.

त्याने स्पीकर नाकारला नाही. बिटर्न मात्र साफ नाकारला. "मला बिटर्न दिसला असता अम्मा, तर तुमच्या आधी माझ्या सासूला कळलं असतं. मी गुपित ठेवू शकतो असं तुम्हाला वाटलंच कसं?"

हे खरंच होतं. दीपकच्या पोटात पक्षी नाश्त्यापर्यंतही टिकत नाही. बाईंनी तुकडा ऐकवला. पहिल्याच क्षणी त्याने तोंड वाकडं केलं आणि फोन दूर लोटला.

"हा किडा काय कानात ड्रिल मारतोय! असला कचरा मी वाजवीन? माझ्याकडे यापेक्षा शंभरपट चांगला आहे." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो परत मामांकडे वळला.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, दोन्ही गेले. आता उरलं कोण?

"ज्याला हा किडा खटकला नाही तो," बाई म्हणाल्या, आणि रिक्षाला त्यांनी जो पत्ता सांगितला, तो ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

४

प्राध्यापक श्रीकंठय्यांना सगळं मैसूर मेष्ट्रू म्हणतं, म्हणजे मास्तर. प्राणिशास्त्र शिकवून शिकवून निवृत्त झाले. होंगेकेरेचा गट त्यांनी काढला, फाटकावरचा फलक त्यांच्या हातचा. कुठल्याही पावसात ते पहाटे तळ्यावर असतातच. पुढच्या महिन्यात धारवाडच्या पक्षीसंमेलनात त्यांचा सत्कार ठरला होता, आणि मानपत्राचा मजकूर लिहायचं काम माझ्याच गळ्यात होतं.

सल्ला घ्यायला आलोय, असं बाईंनी सांगितलं. मेष्ट्रूंनी खुर्च्या जवळ ओढायला लावल्या, अगदी समोरासमोर, तोंडाशी तोंड. घरात मैसूरपाक होता तो पुढे केला. सहनाबद्दल त्यांनी दोनदा विचारलं. पोरीवर अन्याय झाला, म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. दीपकसारख्यांनी तळ्यांची जत्रा केली आहे, हेही त्यांनी ऐकवलं, पण नेहमीच्या जोराने नाही.

मग बाईंनी फोन काढला आणि त्यांच्या कानाशी धरून तो तुकडा वाजवला.

"मेष्ट्रे, तुमचं काय मत? ध्वनिमुद्रण म्हणून कसं आहे हे?"

मेष्ट्रूंनी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकलं. त्यांचा चेहरा निवळला.

"सुरेख," ते म्हणाले. "शांत सकाळ आहे. पक्ष्याशिवाय मागे काहीच नाही."

किडा खोलीभर किरकिरत होता. आतल्या खोलीतून त्यांच्या सूनबाईंनी डोकावून विचारलं, कसला आवाज येतोय हा? बाईंनी फोन बंद केला आणि मैसूरपाकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

५

परतताना बाईंनी रिक्षा तळ्याकडे वळवली. तळ्यावर सहना वाट बघत होती. बंधाऱ्यावर बसल्यावर बाईंनी जे सांगितलं ते त्यांच्याच क्रमाने सांगतो.

त्यांचा जन्म गेला तो कमाई लपवणाऱ्यांना शोधण्यात. पक्ष्यांच्या नोंदींत उलटं असतं, इथे माणसं फुगवून सांगतात. म्हणून आम्ही सगळे नसलेला पक्षी दाखवणारा माणूस शोधत बसलो. पण ज्याला यंत्र फसवायचं आहे, तो यंत्राकडे पाठ करून उभा राहत नाही. या माणसाला यंत्राची आठवणसुद्धा नव्हती. तो पाणकणसाशी बोलत होता. आणि रिकाम्या पाणकणसाशी कुणी सहा सकाळी बोलत नाही. आत कुणीतरी आहे हे त्याला ठाऊक होतं.

"हा फुगवणारा नाही," त्या म्हणाल्या. "लपवणारा आहे. माझ्या जुन्या ओळखीचा प्रकार."

आता, पक्षी लपवतो कोण? दीपकला लपवता येत नाही, शिवनंजप्पांना ओळखता येत नाही. मग बाईंना किड्याने वाट दाखवली. वय झालं की बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात आणि जाड आवाज उरतात. ज्याचे बारीक आवाज गेले, त्यालाच तो तुकडा स्वच्छ वाटेल. मेष्ट्रूंच्या घरच्या बागेतल्या नोंदींतून दोन-तीन वर्षांत बारीक आवाजाचे वटवटे गेले, मग शिंजीर गेले. बाग उजाडली असेल, असं बाईंना वाटलं होतं. आज पाहिली, तर बाग होती तशीच होती.

"पण हा नुसता तर्क झाला," मी म्हटलं. मेष्ट्रूंवर असा आळ घ्यायला माझी जीभ रेटत नव्हती.

तेव्हा बाईंनी अ‍ॅप उघडून दाखवलं. रोजची यादी पाठवताना ते शेवटी एक प्रश्न विचारतं : ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिले का? आपण डोळे झाकून होय म्हणतो. मेष्ट्रूंनीही आजवर होयच म्हटलं होतं. बिटर्न वाजला त्या सकाळी मात्र, प्रत्येक वेळी, त्यांचं उत्तर होतं : नाही.

"पक्षी लपवायचा होता. पण सगळे लिहिले असं खोटं लिहायला हात धजावला नाही. इतक्या सरळ माणसाने वाकडं काम करायला जाऊच नये, तो लगेच सापडतो."

 आता सहना सावकाश म्हणाली, की आपल्यावर कुणी शंका घेऊ नये म्हणून तिने संगणकाला बजावून ठेवलं होतं : पुरती खात्री असेल तेच नाव धर, बाकीचं टाक. टाकलेलं तिने कधी ऐकलंच नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला आणि फोन वाजून गेल्यानंतरचा भाग लावला. आम्ही तिघं वाकून ऐकत होतो. वारा, बेडूक, पुन्हा वारा. मग आतून, लांबून, एक जाड हळू घुमारा. त्यात किडा नव्हता.

तिने दुसरी सकाळ लावली. तिथे फोन वाजायच्या आधीच तो बोलला होता.

सहनाने लॅपटॉप मिटला आणि पाणकणसाकडे बघत राहिली. मी आनंदाने उठलो, तर बाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"समिती म्हणेल हा दुसरा फोन आहे. ज्याने पहिला वाजवला, त्यानेच उभं राहून सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि त्याचा पुढच्या महिन्यात सत्कार आहे."

६

रविवारी आम्ही पुन्हा मेष्ट्रूंकडे गेलो. यावेळी बाईंनी फोन काढला नाही. सहनाला टाकलेल्या आवाजात काय सापडलं, तेवढंच सांगितलं. मेष्ट्रूंनी विचारलं, आधी बोलला होता? वाजवायच्या आधी? बाई हो म्हणाल्या. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

गोष्ट साधी होती. एका पहाटे ते बंधाऱ्यावर उभे असताना पाणकणसातून तो घुमारा आला, आणि तो त्यांना ऐकू आला, सबंध. मागची दोन वर्षं ते चोची हलताना नुसत्या बघत होते. श्रवणयंत्र कानात घालायला मन घेत नव्हतं, आणि गटाला सांगायला तर मुळीच नाही. बिटर्न नोंदवला असता तर दुसऱ्या दिवशी तोफा आणि स्पीकर घेऊन जत्रा भरली असती. म्हणून नोंदवला नाही. इथवर त्यांचं बरोबरच होतं. पण मग पक्षी गप्प झाला आणि त्यांना राहवेना. एकदाच म्हणून वाजवला. लांबूनच त्याने उत्तर दिलं. मग दुसऱ्यांदा. झाडावरचा कान त्यांच्या लक्षातही नव्हता. सहनाच्या यादीत बिटर्न आला तेव्हा यंत्राने खराच पकडला असं त्यांना वाटलं होतं. गुरुवारी सभेतली बातमी कळली, तेव्हापासून जेवण गेलं नव्हतं.

"तरी तुम्ही तीन दिवस गप्प बसलात," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण उतरवलाही नाही. "पोरगी खोटी ठरली, मेष्ट्रे. उद्या पाणकणीस जाईल."

"फलकावर काय लिहिलंय ते ठाऊक आहे तुम्हाला."

"तुमचंच अक्षर आहे."

 आम्ही उठलो. जिन्यावर मी बाईंना विचारलं, उद्या येतील का ते? त्या म्हणाल्या, माहीत नाही. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

सोमवारी बैठक सुरू झाली तेव्हा मेष्ट्रूंची खुर्ची रिकामी होती. सल्लागार आपलं म्हणणं मांडून बसला. अध्यक्षांनी सहनाकडे बघून विचारलं, काही सांगायचं आहे? ती उठणार एवढ्यात मागचं दार वाजलं. मेष्ट्रू आत आले, खुर्चीकडे गेले नाहीत. पुढे येऊन उभे राहिले आणि शिकवण्याच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं. फोन, पाणकणीस, कान. स्वतःचेही.

अध्यक्ष गोंधळले. इतक्या मोठ्या माणसाचं नाव कशाला, "एक ज्येष्ठ सदस्य" असं लिहिलं तर चालेल, असं त्यांनी सुचवलं.

"पूर्ण नाव लिहा," मेष्ट्रू म्हणाले. "आणि त्या मुलीचं नाव काढा."

मग सहनाने टाकलेले आवाज लावले. सल्लागाराने तेही एकावर एक ठेवून पाहिले. एकही दुसऱ्याशी जुळला नाही, आणि सभा यावेळी हसली नाही. शिवनंजप्पा उठून म्हणाले, की वाट पश्चिमेच्या उतारावरूनच न्यावी, पडायचं ते लोक तिथेच पडतात. ते इतक्या सहज बोलले, की आपण मत बदललं हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. समितीने पाणकणसाला हात लावू नये असं ठरवलं. सहनाच्या संस्थेला अध्यक्षांनी तिथूनच फोन केला.

राहिली बंदी. गटात चार जण म्हणाले मेष्ट्रूंना सूट द्यावी, आणि शिवनंजप्पा तर गटात नसूनही ते म्हणायला आले. विशालाक्षम्मा ठाम नाही म्हणाल्या. मेष्ट्रूंनीही सूट घेतली नाही, धारवाडचा सत्कारही नाकारला. बंदीचा हुकूम मीच लिहिला. मानपत्राच्या मानाने तो फारच लवकर लिहून झाला.

बातमी अर्थातच पसरली. पुढच्याच रविवारी पहाटे दीपक आपली तोफ आणि आणखी दोन मित्र घेऊन होंगेकेरेला हजर. मी मागोमाग पोचलो. फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर मेष्ट्रू छत्री टेकून बसले होते. दोन्ही कानांत नवी कोरी यंत्रं होती.

"काय सार, आत नाही?" दीपक म्हणाला, आणि जीभ चावली.

"आत मला बंदी आहे. म्हणून बाहेर बसतो. हंगाम संपेपर्यंत रोज बसणार आहे." मेष्ट्रूंनी हात पुढे केला. "बॅग उघड, गुरू."

दीपकने माझ्याकडे पाहिलं. मी फलकाकडे पाहिलं. मग त्याने बॅगेची चेन ओढली आणि मुकाट्याने स्पीकर काढून मेष्ट्रूंच्या हातावर ठेवला.